नोंदवही : नियम बदलला म्हणतात, पण कधीपासून आणि कुणाला?



दिवाळी महिन्यावर आली की आपल्या ग्रुपवर एक निरोप न चुकता फिरतो : भारतातून येताना खसखस आणू नका. निरोप खरा आहे. खसखस या देशात बंदी असलेल्या जिनसांमध्ये येते, आणि अनारशाला खसखस हवीच म्हणणाऱ्या सासवांनीही आता तिळावर नाहीतर रव्यावर तडजोड केली आहे. पण त्याच आठवड्यात आणखी चार निरोप येतात. ‘शारजात आता सगळ्यांना इन्शुरन्स सक्तीचा.’ ‘बायकोमुलांचा विमा कंपनीनेच काढायचा, कायदाच आहे.’ ‘कोल्ड्रिंकवरचा कर बदलला.’ ‘अबू धाबीत खाण्याच्या पाकिटांवर ए-बी-सी-डी लावलंय.’ यातला एक निरोप अर्धा खरा असतो, एक खरा पण दुसऱ्या अमिरातीचा असतो, एक लागू होण्याआधीच फिरलेला असतो, तर एखादा फक्त तिथल्या दुकानांपुरता असतो. वाचताना मात्र चारही सारखेच दिसतात. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’.

या सदराचं नाव ‘नोंदवही’ आहे, आणि यंदा खरोखरच एका नोंदवहीबद्दल लिहायचं आहे. आमच्या मंडळातले आम्ही पाचजण गेल्या दिवाळीपासून एक तक्ता ठेवतो. सार्वजनिक आरोग्याशी संबंध असलेला इथला एखादा नियम बदलला की त्यात एक ओळ वाढते. त्याला डेटाबेस म्हणणं जरा मोठं वाटेल, कारण दिसायला ती साधी एक्सेलची शीट आहे. पण डेटाबेस होण्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, रकाने नीट आखावे लागतात. आणि सात अमिरातींच्या या देशात रकाने आखणं हेच अर्धं काम आहे.

का, ते कळायला २०२१ साल आठवावं लागेल. २४ एप्रिल २०२१च्या रात्री ११.५९ला भारतातून इथे येणारी प्रवासी वाहतूक बंद झाली. आपल्यापैकी कितीतरी घरांत त्या वेळी एक माणूस पुण्यात, नाशकात, सांगलीत अडकला होता. कुणी वडिलांच्या आजारपणाला गेलेलं, कुणी बाळंतपणाला, कुणी आधीच उशीर झालेल्या लग्नाला. मुदत वाढत गेली. मग १९ जूनला दुबईने जाहीर केलं की २३ जूनपासून, इथे मान्य असलेल्या लशीचे दोन डोस घेतलेले रहिवासी भारतातून परत येऊ शकतील. निघण्याआधी विमानतळावर रॅपिड पीसीआर करायची. लोकांनी तिकिटं काढली, बॅगा भरल्या. कोव्हिशील्ड म्हणजे ‘इथे मान्य असलेली’ ॲस्ट्राझेनेका धरायची की नाही यावर ग्रुपवर रात्र-रात्र चर्चा झाली. आणि २३ जून उजाडला तो विमानांशिवायच. जाहीर केलं होतं दुबईने. देशाच्या पातळीवरची बंदी तशीच होती. प्रत्यक्ष वाट मोकळी झाली ती ५ ऑगस्टला, तीही आधी इथेच दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना. वर दुबईच्या व्हिसावाल्यांनी परवानगी मागायची जीडीआरएफएकडे आणि बाकी अमिरातींच्या व्हिसावाल्यांनी आयसीएकडे. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांना दोन वेगळे कागद.

आता हाच प्रसंग तक्त्याच्या नजरेने बघा. ‘भारतातून प्रवास सुरू’ हे वाक्य जूनमध्ये खोटं नव्हतं. त्यात चार गोष्टी नव्हत्या : कुणी म्हटलं, कुठल्या तारखेला म्हटलं, कुठल्या तारखेपासून लागू, आणि लागू कुणाला. ‘जाहीर’ आणि ‘लागू’ हे दोन रकाने वेगळे असते, तर १९ जूनच्या ओळीत ‘लागू’खाली २३ जून आणि शेरा ‘केंद्रीय बंदी अजून उठलेली नाही’ असं दिसलं असतं. विमान त्याने सुटलं नसतं, हे मान्य. पण ज्यांनी नोकरीवर हजर होण्याची तारीख साहेबांना कळवून टाकली, त्यांनी ती कळवण्याआधी थोडं थांबून पाहिलं असतं.

त्या काळात जगात एक फार मोठी नोंदवही लिहिली जात होती. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ब्लावॅटनिक स्कूल ऑफ गव्हर्नमेंटने मार्च २०२०मध्ये करोनाकाळातल्या सरकारी निर्णयांचा एक ट्रॅकर सुरू केला. शेकडो विद्यार्थी आणि स्वयंसेवक १८०हून अधिक देशांचे नियम रोज वाचायचे आणि ठरलेल्या रकान्यांत आकडे भरायचे. शाळा उघड्या की बंद, कार्यालयं, सभासमारंभ, देशांतर्गत प्रवास, परदेशी प्रवास, मास्क, लस. प्रत्येकाला पायऱ्या ठरलेल्या. परदेशी प्रवासाच्या रकान्यात शून्य म्हणजे काही अट नाही, एक म्हणजे आलेल्यांची तपासणी, दोन म्हणजे विलगीकरण, तीन म्हणजे काही देशांतून बंदी, चार म्हणजे सीमा बंद. या सगळ्यातून शून्य ते शंभर असा एक कडकपणाचा निर्देशांक निघायचा आणि वर्तमानपत्रं त्याचे आलेख छापायची. २०२२च्या अखेरीपर्यंत हे काम चाललं. आकडा भरणाऱ्याने सोबत टीप आणि मूळ पानाची जतन केलेली प्रत जोडावी, अशी त्यांची पद्धत होती. ही पद्धत मला निर्देशांकापेक्षा मोलाची वाटते.

पण त्या जगाच्या नोंदवहीत आपल्या देशाला दिवसाला एकच ओळ होती. अमेरिका, कॅनडा, ब्राझील अशा काही मोठ्या देशांचे तुकडे करून राज्यवार नोंद केली गेली, अमिरातींची नाही. देशात कुठेही जो सगळ्यात कडक नियम असेल तो लिहायचा आणि शेजारी खूण करायची की हा साऱ्या देशाला लागू आहे की काही भागाला. जगाची तुलना करायला हे ठीकच. पण दुबईत राहून मुसफ्फाला कामाला जाणाऱ्या माणसाला त्या एका ओळीचा काय उपयोग? ७ जुलै २०२०ला दुबईने परदेशी पर्यटकांना दार उघडलं, आणि त्याच आठवड्यात दुबईच्या रहिवाशाला अबू धाबीत शिरायला अठ्ठेचाळीस तासांच्या आतली निगेटिव्ह चाचणी लागत होती. घंतूतच्या नाक्यावरच्या त्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०२०मध्ये नियम आला की सहा दिवस किंवा जास्त राहिलात तर सहाव्या दिवशी पुन्हा चाचणी. नोव्हेंबरमध्ये तो चौथ्या आणि आठव्या दिवशीचा झाला. १९ सप्टेंबर २०२१ला नाक्यावरच्या चाचणीची अट गेली, डिसेंबरमध्ये स्कॅनर आणि ग्रीन पास आले, २८ फेब्रुवारी २०२२ला तेही गेले. ग्रीन पासच पुढे ७ नोव्हेंबर २०२२ला देशभर संपला. हे सगळं आज सरकारी संकेतस्थळावर शोधून बघा. तिथे आजचा नियम असतो. कालच्या नियमावर तो लिहिलेला असतो. पाटी पुसून पुन्हा लिहावी तसा.

आमच्या तक्त्याचा पहिला नियम यातून आला : जुनी ओळ पुसायची नाही. नियम बदलला तर जुन्या ओळीत ‘संपला’ची तारीख घालायची आणि नवी ओळ जोडायची. ज्यांनी आयुष्यभर डेटाबेसचं काम केलंय त्यांना यात नवीन काही नाही, पण एक्सेल वापरणाऱ्याचा हात आपोआप जुन्या आकड्यावर नवा आकडा टाइप करायला जातो. तो हात आवरणं हेच पहिलं प्रशिक्षण.

जुन्या ओळीचं काम पडतं कधी? विम्याचंच घ्या, कारण आम्हाला येणारे बहुतेक प्रश्न विम्याचे असतात आणि तिथेच माणसाच्या खिशातून पैसे जातात.

अबू धाबीत आरोग्य विमा सक्तीचा करणारा कायदा २००५चा, क्रमांक २३. दुबईचा २०१३चा, क्रमांक ११. दोन्हींना आपण ‘कंपल्सरी इन्शुरन्स’ म्हणून मोकळे होतो. पण अबू धाबीत कर्मचाऱ्याबरोबर त्याची पत्नी आणि अठराखालची तीन मुलं यांचाही विमा मालकाच्या माथी असतो. दुबईत मालकाने कर्मचाऱ्याचा काढायचा. बायकोमुलांचा, आईवडिलांचा, घरकामगाराचा ज्याने स्पॉन्सर केलं त्याने. ‘बायकोमुलांचा विमा कंपनीनेच काढायचा’ हा निरोप म्हणून अबू धाबीच्या व्हिसावाल्याला खरा आणि दुबईच्या व्हिसावाल्याला खोटा. दुबईत कंपनी तो देत असेल तर चांगलंच आहे, पण ती कंपनीची पद्धत झाली.

दुबईचा कायदा टप्प्याटप्प्याने आला. हजाराहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना ऑक्टोबर २०१४ची मुदत, शंभर ते ९९९ वाल्यांना जुलै २०१५ची, आणि लहान कंपन्या, कुटुंबीय व घरकामगार यांच्यासाठी ३० जून २०१६. ही शेवटची मुदत आधी वर्षअखेरपर्यंत वाढली आणि मग ३१ मार्च २०१७पर्यंत. त्यानंतर विमा नसलेल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला पाचशे दिरहम दंड. म्हणजे ‘कायदा कधी आला?’ या एका प्रश्नाला सही झाली ते साल, आपल्या गटाची मूळ मुदत, वाढलेली मुदत आणि दंड सुरू झाला तो दिवस अशी चार खरी उत्तरं आहेत. आमच्या तक्त्यात हे चार वेगळे रकाने आहेत. सुरुवातीला आमच्यातल्या एकाला हे अति वाटलं होतं. व्हिसा नूतनीकरणाच्या वेळी जुन्या दंडाचा हिशेब समोर आलेल्या एका कुटुंबासाठी ते रकाने उघडून बसल्यावर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

आता उत्तरेकडच्या पाच अमिराती. शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा आणि फुजैरा इथे खासगी क्षेत्रातील कर्मचारी आणि घरकामगार यांना विमा सक्तीचा झाला तो १ जानेवारी २०२५पासून. मंत्रिमंडळाची मंजुरी मार्च २०२४ची. ‘शारजात सगळ्यांना इन्शुरन्स’ असं ज्यांनी पाठवलं त्यांच्या ‘सगळ्यांना’मध्ये कुटुंब धरलेलं होतं, सक्तीत मात्र कर्मचारी आणि घरकामगार एवढेच होते. शिवाय ज्यांचं वर्क परमिट १ जानेवारी २०२४च्या आधीचं आणि चालू होतं, त्यांना नूतनीकरणाच्या वेळी विमा घ्यायचा होता, लगेच नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या दोन ड्रायव्हरांपैकी एकाकडे कार्ड आणि दुसऱ्याकडे नाही, असं का, याचं उत्तर या एका तारखेत आहे. ती तारीख ज्या ओळीत आहे ती पुसली गेली असती तर तो दुसरा माणूस ‘मालक फसवतोय’ असं धरून बसला असता, किंवा उलट, मालक खरोखरच टाळत असताना ‘जुना नियम असेल’ म्हणून गप्प राहिला असता. मला दुसऱ्या शक्यतेची जास्त धास्ती वाटते.

मूळ योजनेचा हप्ता वर्षाला ३२० दिरहम. रुग्णालयात दाखल झालात तर खर्चाचा वीस टक्के वाटा तुमचा, पण एका वेळी पाचशे आणि वर्षाला हजार दिरहमपेक्षा जास्त नाही. बाह्यरुग्ण तपासणीला पंचवीस टक्के, जास्तीत जास्त शंभर. औषधांना तीस टक्के, आणि औषधांची वर्षाची मर्यादा १,५०० दिरहम. जुनाट आजारासाठी थांबायचा काळ नाही. वय १ ते ६४. त्यापुढच्यांना वैद्यकीय माहितीचा अर्ज आणि अलीकडचे रिपोर्ट द्यावे लागतात. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या माणसाचे औषधांचे दीड हजार दिरहम किती महिन्यांत संपतात, याचा हिशेब ज्याचा त्याने जवळच्या फार्मसीत जाऊन एकदा करून बघावा. विमा आहे एवढ्यावर निर्धास्त झालेल्या आपल्याच माणसांना हे आधी सांगायला हवं, नोव्हेंबरात कार्ड फिरवून ‘लिमिट ओव्हर’ ऐकू येण्याआधी.

इथे सगळ्यात घोटाळ्याचा रकाना येतो. त्याला आम्ही ‘लागू कशावरून’ म्हणतो. आपल्यातली किती कुटुंबं शारजात, अजमानात भाड्याने राहतात आणि व्हिसा दुबईचा असतो! त्यांच्या विम्याला दुबईचा कायदा लागतो, कारण इथे विमा व्हिसाच्या अमिरातीमागे जातो, घराच्या पत्त्यामागे नाही. उलट, अबू धाबीत १ जून २०२५पासून खाद्यपदार्थांच्या काही प्रकारांवर ए ते ई असा पोषणदर्जा, न्यूट्रीमार्क, छापणं सक्तीचं झालं आहे, तो दुकानामागे जातो. तुमचा व्हिसा कुठलाही असो. उन्हाळ्यातली दुपारची कामबंदी, म्हणजे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम नाही, ती कामाच्या जागेमागे जाते आणि देशभर सारखी आहे. ती २००५पासून दर वर्षी येते, तरी आम्ही दर वर्षी तिची नवी ओळ लिहितो. मोडणाऱ्याला कामगारामागे पाच हजार दिरहम, जास्तीत जास्त पन्नास हजार. आणि औषधांचे नियम तर विमानतळावर तुमच्या बॅगेमागे जातात. ट्रामाडोल किंवा कोडीन असलेली गोळी भारतात डॉक्टरने सहज लिहून दिलेली असते. इथे ती नियंत्रित यादीत आहे आणि आगाऊ परवानगी लागते. आईच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट उलटं करून घटकांची नावं वाचा, फक्त ब्रँडचं नाव वाचून उपयोग नाही.

घर, व्हिसा, दुकान, कामाची जागा, बॅग. निरोपात ‘यूएईत नवा नियम’ असं लिहिलं की हे पाचही एकत्र कालवले जातात.

ओळ भरायची कशी, हे आम्ही बाहेरून शिकलो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. त्यांचा ‘लॉ-ॲटलस’ नावाचा संग्रह राज्याराज्यांतल्या कायद्यांची तुलना करतो. हेल्मेट, तंबाखू, औषधं असे विषय. त्यांची शिस्त अशी की तोच कायदा दोन माणसांनी एकमेकांचं न बघता वाचायचा, दोघांनी ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं भरायची, आणि जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे बसून बोलायचं. न जुळणारी उत्तरं ही चूक नव्हे, तिथे नियमाची भाषा संदिग्ध आहे याची ती खूण. आम्ही हे जसंच्या तसं उचललं. आमच्यात सगळ्यात जास्त वेळा न जुळलेला शब्द कुठला असेल? ‘डिपेंडंट’. कुणी त्यात आईवडील धरतो, कुणी नाही.

मूळ कागद मिळवणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. केंद्रीय कायदे मंत्रिमंडळाच्या सचिवालयाच्या विधी-संकेतस्थळावर अरबीत आणि इंग्रजीत मिळतात. दुबईच्या कायद्यांचं स्वतंत्र संकेतस्थळ आहे. दुबई हेल्थ अथॉरिटी आणि अबू धाबीचा आरोग्य विभाग आपापली परिपत्रकं आणि मानकं प्रसिद्ध करतात. ‘वाम’ ही सरकारी वृत्तसंस्था घोषणा देते. तक्त्यात आम्ही स्रोताचाही दर्जा लिहितो : कायदा, मंत्रिमंडळाचा निर्णय, खात्याचं परिपत्रक, वृत्तसंस्थेची बातमी, वर्तमानपत्र. फॉरवर्ड हा दर्जा तक्त्यात नाही. फॉरवर्ड आला तर तो ‘शोधायचं’ या वेगळ्या पानावर जातो आणि वरच्या पाचांपैकी काही सापडेपर्यंत तिथेच राहतो. काही कायमचे तिथेच राहिले आहेत. आणि पान सापडलं की लगेच पीडीएफ करून तारखेसह जपून ठेवायचं, कारण पाटी पुसली जाते.

अंतिम मजकूर अरबी असतो. इथे आपली दुसरी पिढी कामाला येते. शाळेत सक्तीने शिकलेलं आणि परीक्षेनंतर विसरायला निघालेलं अरबी त्यांनी शीर्षक, क्रमांक आणि तारीख वाचण्यापुरतं जरी वापरलं तरी आमच्या पिढीच्या दहा पावलं पुढे ते असतात. आमच्या पाचांतली दोघं कॉलेजात शिकणारी आहेत. तक्त्यातला सारांश मराठीत एका वाक्यात आणि इंग्रजीत एका वाक्यात असतो. मराठी वाक्य ती दोघं लिहितात आणि आम्ही इंग्रजी, मुद्दाम उलटं. ‘को-पेमेंट’ला मराठीत काय म्हणायचं यावर एक संध्याकाळ गेली. शेवटी ‘तुमच्या खिशातला वाटा’ असं ठरलं. मला तो शब्दकोशातल्या कुठल्याही शब्दापेक्षा बरा वाटतो.

काहीजण विचारतात, एवढा काथ्याकूट कशाला, ग्रुपवर टाकलं की झालं. या देशात ते इतकं सोपं नाही. अफवा आणि सायबर गुन्ह्यांविरुद्धचा २०२१चा केंद्रीय हुकूमनामा क्रमांक ३४ जानेवारी २०२२पासून लागू आहे. खोटी बातमी किंवा अधिकृत घोषणेच्या विरुद्ध जाणारी माहिती ऑनलाइन पसरवली तर किमान एक वर्ष कैद आणि एक लाख दिरहम दंड. साथ, संकट, आपत्तीच्या काळात किमान दोन वर्षं आणि दोन लाख. हेतू चांगला होता, काकांनी पाठवलं म्हणून पुढे पाठवलं, या सबबीवर कुणी विसंबू नये. घाबरवायला हे लिहीत नाही. पण सहाशे जणांच्या ग्रुपवर आरोग्याचा नियम टाकताना त्याखाली तारीख आणि स्रोत असावा ही सवय लावायला एवढं कारण पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र तक्त्यात कधीच येणार नाही : माणसं. कुणाला कुठला आजार, कुणाचा क्लेम नाकारला, कुणाचं कार्ड संपलं, यातलं काहीही आम्ही लिहीत नाही. आरोग्यविषयक माहिती हाताळण्याबाबत इथे २०१९चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो नसता तरी शेजारधर्म आहेच. प्रश्न फोनवर येतो, उत्तर फोनवर जातं, तक्त्यात फक्त नियम राहतो.

गावाकडचेही नियम घाला अशी मागणी बरीच आली. आम्ही टाळतोय, कारण महाराष्ट्राचा तक्ता ठेवायला तिथेच बसलेली माणसं हवीत. अपवाद म्हणून एकच ओळ घातली : २९ ऑक्टोबर २०२४पासून भारतात सत्तर वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेतून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. त्यासाठी वेगळं कार्ड काढावं लागतं. तुमच्या आईवडिलांनी ते काढलंय का, हे आज फराळाचा फोन कराल तेव्हा विचारून टाका.

२०२५मध्ये तक्त्यात सर्वात वर एक ओळ पिवळ्या रंगात होती. पिवळा म्हणजे ‘जाहीर, अजून लागू नाही’. १ ऑक्टोबर २०१७ला इथे उत्पादन शुल्क आलं तेव्हा तंबाखू आणि एनर्जी ड्रिंकवर शंभर टक्के, वायूयुक्त पेयांवर पन्नास टक्के असा कर होता. पुढे साखर घातलेली इतर पेयंही पन्नास टक्क्यांत आली. पन्नास टक्के किमतीवर लागायचे, साखर किती ते कुणी विचारत नव्हतं. १ जानेवारी २०२६पासून गोड पेयांवरचा कर साखरेच्या प्रमाणावर ठरतो : शंभर मिलिलिटरमध्ये आठ ग्रॅम किंवा जास्त साखर असली तर वरचा दर, पाच ते आठच्या मध्ये असली तर खालचा, पाचाच्या आत असली तर शून्य. एनर्जी ड्रिंकचे शंभर टक्के तसेच. ‘कोल्ड्रिंकवरचा कर बदलला’ असं २०२५मध्ये म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं होतं की तेव्हा तो अजून बदललेला नव्हता.  जानेवारीत ती ओळ हिरवी झाली, आणि २०१७ची ओळ तिच्या खाली, संपल्याच्या तारखेसह, राहिली.

तक्ता मंडळाच्या सगळ्या सभासदांना वाचायला खुला आहे. लिंक आरोग्य समितीकडे मागा. लिहायला मात्र जोडीनेच यायचं, कारण प्रत्येक ओळ दोघांनी भरायची असते. दुबई आणि शारजाची माणसं आमच्याकडे पुरेशी आहेत. अबू धाबीचं एक जोडपं आहे, तेही अल ऐनला जाण्याच्या बेतात. रास अल खैमा आणि फुजैरामधून अजून कुणीच नाही, आणि ३२० दिरहमच्या कार्डावर तिथली कुठली फार्मसी काय देते, हे दुबईत बसून कळत नाही.